लॅपटॉप घ्या, पण ८४ हजारांचा नको आणि हप्त्यांवरही नको

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातले तपशील आधी मांडतो. सोलापुरात घरून डीटीपीचं काम. पुस्तकांची मांडणी, पत्रिका आणि सर्वात मोठं काम दिवाळी अंकांचं. कमाई सरासरी ४२ हजार, पण उन्हाळ्यात निम्म्यावर येते. घरखर्च दरमहा २६ हजार. एफडी आणि बचत खातं मिळून १ लाख ६० हजार. २०१७ साली घेतलेला लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा, त्यात जुनी हार्ड डिस्क, आणि मोठी फाइल उघडली की तो अडकतो. दुकानदार ८४ हजारांचा लॅपटॉप सात हजारांच्या बारा ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांत द्यायला तयार आहे. भाऊ म्हणतो, मार्चच्या आत घे, कर वाचेल. वडील म्हणतात थांब, किमती उतरतील.

माझं मत वडिलांच्या उलट आहे. लॅपटॉप घ्या, आणि एप्रिल-मेच्या मंदीत घ्या.

कारण तुमच्या कामाच्या वेळापत्रकातच आहे. तुमच्या लॅपटॉपवर चालणाऱ्या विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, त्यामुळे तुमच्या मशीनला पुढचा रस्ता नाही. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे अंक छपाईला जाण्याच्या ऐन दिवसांत तुम्ही असुरक्षित मशीनवर प्रकाशकांचे ईमेल उघडत असाल आणि त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करत असाल. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली तर वेग नक्की वाढेल, पण ही तारीख पुढे जाणार नाही. म्हणून या मशीनवर आता पैसे घालू नका.

वडिलांचा सल्ला एरवी बरोबर ठरला असता. पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती चढल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी आहे की लॅपटॉपसाठीची रॅमही महागली. थांबल्याने स्वस्त मिळेल, यावर मी तुमचा हंगाम पणाला लावणार नाही.

आता कराचं. संगणकावर ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो हे भावाचं म्हणणं खरं आहे. पण तुमचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रिबेटमुळे, म्हणजे करातल्या सवलतीमुळे, करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा? जीएसटीची नोंदणीही तुम्हाला नाही, त्यामुळे लॅपटॉपवरचा १८ टक्के जीएसटी परत मिळणार नाही. मार्चची घाई मनातून काढून टाका.

‘नो-कॉस्ट’ हप्त्यांत बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट किमतीत दाखवतं. वर्षाला १६ टक्के दर धरला तर तुमच्या हप्त्यांत साधारण ६,८०० रुपये व्याज बसतं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे बाराशेच्या वर रक्कम, तुमच्याकडून वेगळी जाते. प्रोसेसिंग फी निराळी. पण मला खरी काळजी मे महिन्याची आहे. २१ हजार हातात येतील, घरखर्च २६ हजार, आणि त्यात सात हजारांचा हप्ता. एक हप्ता चुकला तरी दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर बिघडतो.

म्हणून ५५ ते ६० हजारांची मर्यादा ठेवा आणि लागेल तेवढी एफडी मोडून रोख घ्या. हाती एक लाख उरतील, म्हणजे जवळपास चार महिन्यांचा घरखर्च. त्याखाली मी तुम्हाला जाऊ देणार नाही. मांडणीच्या कामाला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि रंग नीट दाखवणारा आयपीएस पडदा पाहा. रॅमची एक जागा रिकामी आहे का, हे दुकानात आवर्जून विचारा. पातळ मॉडेलांत रॅम बरेचदा बोर्डालाच जोडलेली असते, मग पुढे वाढवता येत नाही.

बिल करण्याआधी तुमच्या मराठी फॉन्ट पॅकेजचा परवाना नव्या मशीनवर चालतो का, ते विक्रेत्याकडून पक्कं करून घ्या. नवा परवाना लागला तर तो खर्च याच ६० हजारांत बसवा. युनिकोड नसलेल्या, म्हणजे ठरावीक फॉन्टशिवाय नीट न दिसणाऱ्या, जुन्या फाइली हा तुमचा वर्षानुवर्षांचा साठा आहे. त्याच्या दोन प्रती बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊ नका, फारसे पैसे येणार नाहीत. इंटरनेट काढून तो जुन्या फाइली उघडायला ठेवा.

ऑगस्टपासून दिवाळी अंकांच्या प्रत्येक बिलातले दहा टक्के वेगळ्या खात्यात टाका. आधी मोडलेली एफडी त्यातून भरून निघू दे, त्यानंतर ते पैसे पुढच्या मशीनसाठी.