मस्कीसाठी पहिला रॉड, पहिले रील : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, लहानपणी खाडीवर गरवायला जाणारा. आता मिनियापोलिसजवळ राहतो. वॉलाय आणि बास या माशांसाठी घेतलेला सात फुटी, मध्यम ताकदीचा रॉड (गळाची काठी) आणि स्पिनिंग रील (दोरी गुंडाळायचे साधन) माझ्याकडे आहे. येत्या मोसमात मस्कीच्या, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाच्या, मागे लागायचा विचार आहे. परंतु दुकानातल्या रॉडच्या किमती पाहून गोंधळ उडाला. आहे त्या सामानावर भागेल का? नवे घ्यायचेच झाले, तर काय पाहून घ्यावे?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : आहे त्या सामानावर भागणार नाही. मासा किती किलोचा यावरून रॉडची ताकद ठरवण्याची आपल्याला सवय असते, पण मस्कीच्या बाबतीत हिशेब फेकायच्या कृत्रिम आमिषाच्या वजनापासून सुरू करावा लागतो. आपल्या रॉडवर बहुधा ७ ते २० ग्रॅमपर्यंतची आमिषे फेकता येतील. मस्कीसाठी सर्रास वापरले जाणारे, दहा नंबरची दोन पाती फिरवणारे ‘बकटेल’ (केसाळ शेपटीचे आमिष) सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या घरात जाते. नऊ इंची रबरी ‘बुलडॉग’ शंभर ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याचा सर्वांत थोरला भाऊ तर जवळजवळ अर्ध्या किलोचा. असे वजन हलक्या रॉडने जोरात फेकले, तर एक तर रॉडचे टोक मोडते किंवा बारीक दोरी तुटून महागडे आमिष एकटेच तळ्यात जाऊन पडते.

म्हणून रॉड हातात घेतल्यावर मुठीच्या वर छापलेले आकडे आधी वाचावेत. ‘हेवी’, ‘एक्स्ट्रा हेवी’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते, तेव्हा त्यांवर विसंबू नये. आमिषाचे वजन ३ ते ८ औंस, म्हणजे सुमारे ८५ ते २२५ ग्रॅम, असे लिहिलेला आणि टोकाकडेच वाकणारा, म्हणजे ‘फास्ट’ प्रकारचा रॉड पहिल्या खरेदीला योग्य. अर्ध्या किलोची आमिषे पहिल्या वर्षी फेकण्याच्या फंदात पडू नये. खांदे दुखून छंदच सुटतो.

लांबी साडेआठ फूट असावी, आणि याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. मस्की आमिषाच्या मागे मागे थेट होडीपर्यंत येतो आणि पुष्कळदा तिथेच निर्णय घेतो. त्यामुळे दोरी गुंडाळून झाल्यावर आमिष बाहेर न काढता, टोकाशी फूटभर दोरी ठेवून, रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाचा (मराठी ८ चा नव्हे!) मोठा आकडा गिरवायचा असतो. चार फूट लांबीचा मासा लहान वळणावर वळू शकत नाही. वळण जितके ऐसपैस, तितका तो मागे टिकतो. सात फुटी रॉडने ही वळणे आखूड पडतात आणि वाकून वाकून कंबर धरते ती वेगळीच. नऊ फुटीही चालेल, पण तो गाडीत मावतो का ते विकत घेण्यापूर्वी पाहावे. काही रॉडची मूठ दुर्बिणीसारखी आत सरकते. लहान गाडी असणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत. रीलच्या मागचा दांडाही लांब हवा, कारण फेकताना दोन्ही हात लागतात.

रील बेटकास्टिंग प्रकारचे, म्हणजे रॉडच्या वर बसणारे आणि फेकताना दोरीचे चाक (गुंडाळा) स्वतः फिरणारे, ३०० किंवा ४०० आकाराचे घ्यावे. शिमानोचे ट्रँक्स, दाइवाचे लेक्सा ही बुटकी रीले आणि आबू गार्सियाची जुन्या घडणीची गोल अँबॅसडर रीले मस्कीवाल्यांच्या होड्यांत नेहमी दिसतात. इथे गिअरचे प्रमाण समजून घेणे महत्त्वाचे. ५.३:१ म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरीचे चाक ५.३ वेळा फिरते. मोठ्या पात्यांचे बकटेल पाण्यात जबरदस्त ओढ देते. ते दिवसभर ओढायला कमी प्रमाणाचे रील हाताला सुसह्य होते. उलट झटके देऊन चालवायच्या लाकडी आणि रबरी आमिषांना सैल पडलेली दोरी झपाट्याने गुंडाळावी लागते, तिथे ७:१ च्या आसपासचे वेगवान रील कामाचे. एकच घ्यायचे असेल, तर ६:१ च्या जवळपासचे, लांब हँडलचे घ्यावे. एक गोष्ट मात्र दुकानातच तपासावी : स्पिनिंग रीलचे हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते, बेटकास्टिंगचे येत नाही. आपण डाव्या हाताने गुंडाळत असाल, तर डावे रीलच मागून घ्यावे.

दोरी विणीची, म्हणजे ‘ब्रेडेड’, ८० पौंडांचा ताण सोसणारी. एवढी जाड कशाला, असे वाटेल. परंतु कारण पुन्हा फेकण्याचेच आहे. बारीक दोरी गुंडाळ्यात रुतते आणि जड आमिष फेकताना झटक्यासरशी तुटते. गुंडाळ्यावर तळाशी थोडा नायलॉनचा तंगूस गुंडाळून मग विणीची दोरी भरावी, नाहीतर सगळी गुंडाळी चाकावर घसरते. दोरी आणि आमिष यांच्यामध्ये फूटभर लांबीचा, १३० पौंडी फ्लुरोकार्बनचा किंवा तारेचा लीडर अनिवार्य आहे. मस्कीचे दात विणीची दोरी सहज कापतात.

आता पैशांविषयी. रॉड आणि रील मिळून तीनशे-चारशे डॉलरमध्ये अनेक वर्षे टिकणारी जोडी मिळते. विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सच्या सेंट क्रॉय कंपनीचे महागडे रॉड सुरेख असतात यात वाद नाही, पण पहिल्या वर्षी तो फरक हाताला कळत नाही. वाचलेले पैसे मासा सोडण्याच्या साधनांत घालावेत : रबराचा लेप दिलेले मोठे खोल जाळे, लांब नाकाची पक्कड आणि गळ तोडणारा भक्कम कटर. मिनेसोटात मस्की ठेवण्यासाठी किमान लांबी ५४ इंच आहे, तेव्हा पकडलेला जवळजवळ प्रत्येक मासा आपल्याला सोडायचाच आहे. मासा जाळ्यात पण जाळे पाण्यातच ठेवून, अडकलेले तिहेरी गळ कटरने तोडून काढणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. तो कटर होडीत नसेल, तर मस्कीला आमिषच टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड दोरी आणि ताठ रॉड यांचाही इथे उपयोग होतो. हलक्या सामानावर मासा दीर्घकाळ झुंजवण्यात मौज वाटते खरी, पण दमून गेलेला मस्की सोडल्यावर पोहून गेला तरी नंतर मरू शकतो. भर उन्हाळ्यात पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले, की सामान कितीही चांगले असो, मस्कीच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : बेटकास्टिंग रीलवर माझ्याकडून दर तिसऱ्या फेकीला गुंता होतो. त्याऐवजी मोठे स्पिनिंग रील घेतले तर मस्कीला चालेल का?
– एक वाचक, विस्कॉन्सिन

उत्तर : चालेल, पण शंभर ग्रॅमचे आमिष दिवसभर फेकताना ताणलेली दोरी बोटावर धरावी लागते आणि संध्याकाळपर्यंत बोट कापले जाते. शिवाय माशाने होडीजवळ झडप घातली असता बेटकास्टिंगच्या गुंडाळ्यावरचा अंगठा सैल करून दोरी लगेच देता येते. ती सोय स्पिनिंगमध्ये नाही. गुंता होतो तो आमिष मंदावल्यानंतरही गुंडाळी (दोरीचे चाक) त्याच वेगाने फिरत राहिल्याने. हँडलच्या बाजूची छोटी चकती इतकी आवळावी, की दोरी मोकळी करणारे बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली उतरेल आणि ते जमिनीला टेकताच गुंडाळी थांबेल. आतला ब्रेकही सुरुवातीला पुरता लावून ठेवावा. मनगटाने झटका देण्याऐवजी दोन्ही हातांनी रॉड संथपणे फिरवावा आणि आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा गुंडाळीवर दाबावा. गळ काढलेले आमिष घेऊन घरामागच्या मोकळ्या जागेत हा सराव करता येतो; आमिष बदलले, की चकती पुन्हा जुळवून घ्यावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.