हेबियसचा निकाल आणि कळव्यातली ट्रंक

प्रश्न : वकीलसाहेब, माझे काका आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबणाऱ्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या तुरुंगात होते. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांचं नाव निघालं की आजही ताटावरून उठतात. मुलगी कायदा शिकतेय. ती म्हणते, फुटपाथवरच्या माणसांच्या पोटाचा हक्क त्यांनीच मान्य केला. घरात रोज वाद. कोणाचं खरं?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, काकांचा राग रास्त आहे. नऊ उच्च न्यायालयं स्थानबद्धांच्या बाजूने उभी राहिली होती. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं पुसलं. आणीबाणीत हेबियसचा, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याचा, अर्जच चालणार नाही, म्हणाले. पाचांपैकी चौघांचा हा निकाल, त्यात चंद्रचूड. कैद्यांचे हाल होणार नाहीत अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी टणक आशा आपल्याला आहे, असं त्यांनी लिहिलं. ज्यांचं माणूस आत होतं त्या घराने हे कसं वाचायचं? एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. ज्येष्ठ असूनही जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं.

चंद्रचूड १९७८ ते १९८५ सरन्यायाधीश होते. इतकी वर्षं त्या खुर्चीत दुसरं कोणीच बसलेलं नाही. मिनर्व्हा मिल्स खटल्यात, १९८० साली, घटना हवी तशी बदलू पाहणाऱ्या संसदेला त्यांनीच लगाम घातला. आणि निवृत्तीच्या तोंडावर, जुलै १९८५ मध्ये, फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल : रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग. मुलीला म्हणावं, हा निकाल शेवटपर्यंत वाच. झोपड्या वाचल्या नाहीत. पावसाळा तेवढा टळला, ३१ ऑक्टोबरपर्यंत.

पण पावसाळा टळणं म्हणजे काय, ते मी कळव्यात पाहिलंय. भर जुलैत नोटीस न देता झोपडं पाडायला आले होते. माझ्या अशील बाई पत्र्याच्या ट्रंकेवर प्लास्टिक धरून चिखलात उभ्या. ट्रंकेत रेशनकार्ड आणि पोरांची पुस्तकं. ठाणे कोर्टात याच निकालाची झेरॉक्स लावून मी स्थगिती मागितली. मिळाली. संध्याकाळी बाईंनी ट्रंक परत आत नेली.

म्हणून काकांचे तुरुंगातले दिवस भरून निघाले, असं मी कधीच म्हणणार नाही. दोघांनाही आपापल्या जागी बरोबर राहू द्या.

२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल मोडीत काढला. तो निकाल गंभीर चुकांचा होता, असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचेच चिरंजीव. तेवढी पानं मुलीला काकांसमोर बसून वाचायला सांगा.