दिवस भरण्याआधी कळा आणायच्या ठरल्या तर

पहिलटकरणीला तारखेच्या आधीच भरती करून कळा आणायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात एकच धांदल उडते. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या परिचारिका यांनी मिळून दिली आहेत. औषधांचे डोस माहितीसाठी दिले आहेत. ही औषधं रुग्णालयातच, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यायची असतात.

प्रश्न : ३७ आठवडे पूर्ण झालेत. बीपी १५०/१०० च्या आसपास आहे, लघवीत प्रोटीन सापडलं. बाळाची वाढ मात्र चांगली आहे. गोळ्यांनी बीपी उतरत असेल तर तारखेपर्यंत का थांबायचं नाही?

गोळ्यांनी आकडा खाली येतो, आजार जागेवरच असतो. तुम्ही सांगताय तो प्री-एक्लॅम्पसिया. त्याचं मूळ वारेत (प्लासेंटात) असतं आणि वार बाहेर पडल्याशिवाय तो मागे हटत नाही. ३७ आठवड्यांनंतर आत राहून बाळाचा होणारा फायदा थोडा, आणि तुम्हाला झटके येण्याचा, वार आधीच सुटून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र रोजचा. त्यामुळे तुमच्या बाबतीत थांबू नका. भरती होईपर्यंत डोकं सतत ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी निघायचं. बाळंतपणानंतरचे काही दिवसही झटक्याचा धोका राहतो, म्हणून बीपी मोजणं तेव्हाही चालू ठेवावं लागतं.

पक्की कारणं आणखीही आहेत. इन्सुलिनवर असलेली शुगर, बाळाची खुंटलेली वाढ, तळहात-तळपायांना खाज सुटून रक्तात पित्तक्षार वाढणं, कळा नसताना पाणमोट फुटणं. याउलट ‘बाळ मोठं दिसतंय’ एवढंच कारण ३९ आठवड्यांच्या आत पुरेसं नाही. सोनोग्राफीत येणारं वजन हा अंदाज असतो आणि तो १०–१५ टक्के सहज चुकतो. गळ्याभोवती नाळ दिसणं हेही कळा आणायचं कारण नव्हे. कितीतरी बाळं तशीच सुखरूप जन्मतात. ‘पाणी कमी आहे’ म्हणाले तर पाण्याचा सर्वांत खोल कप्पा किती सेंटिमीटर भरला ते विचारा. २ सेंटिमीटरच्या खाली असेल तर पाणी खरंच कमी आहे. त्याऐवजी चारी बाजूंच्या कप्प्यांच्या बेरजेवर बोट ठेवलं की विनाकारण कळा आणायची वेळ जास्त जणींवर येते.

प्रश्न : माझ्या मुलीला पहिल्या सोनोग्राफीत एक तारीख मिळाली, आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत त्याच्या दोन आठवडे पुढची. कोणती खरी मानायची?

पहिली. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख सर्वांत भरवशाची. पाळीच्या तारखेपासून २८० दिवस मोजायचे आणि ९ ते १३ आठवड्यांतल्या सोनोग्राफीशी ७ दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तरच तारीख बदलायची. एकदा ठरली की ती शेवटपर्यंत तीच. आठव्या महिन्यातलं यंत्र बाळाच्या मापावरून तारीख काढतं. म्हणजे तिथे तारीख पुढे गेली, याचा सरळ अर्थ बाळ वयाच्या मानाने लहान भरलं. अशा वेळी तारीख पुढे ढकलली, तर वाढ खुंटल्याची खूणच आपण पुसून टाकतो. मुलीच्या डॉक्टरांना हे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी झाली आहे का, ते विचारा.

प्रश्न : काल सकाळी सुनेला जेल ठेवलं, संध्याकाळी पुन्हा ठेवलं. पोटात नुसत्या चमका येतात, गर्भपिशवीचं तोंड एक बोटही धड उघडलेलं नाही. घरचे म्हणतात, सिझर करून मोकळं व्हा. काय करावं?

बाळाचे ठोके चांगले असतील, सुनेला ताप नसेल आणि पाणमोट शाबूत असेल, तर घाई नको. अजून खरं बाळंतपण सुरूच झालेलं नाही, चाललीय ती पूर्वतयारी.

कळा आणण्याआधी आतून तपासून गुण देतात, त्याला बिशप स्कोअर म्हणतात. १९६४ सालापासून ही पद्धत आहे. पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं, किती आखूड झालं, किती मऊ पडलं, मागे आहे की पुढे आलं, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलं, या पाच गोष्टींची बेरीज १३ पर्यंत जाते. न पिकलेलं तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, पिकलेलं ओठासारखं. बेरीज ८ च्या पुढे असेल तर कळा आपोआप आल्यासारखंच काम होतं. ६ किंवा त्याखाली असेल तर आधी तोंड पिकवायचं, मग कळा. तारखेच्या आधी आलेल्या पहिलटकरणीचा स्कोअर बहुधा कमीच असतो, म्हणून भरतीपासून बाळ हातात येईपर्यंत एक ते दोन दिवस लागणं यात वावगं काही नाही. हे भरतीच्या वेळीच नातेवाइकांना सांगितलं तर निम्मे वाद टळतील. सांगितलं जात नाही, हीच अडचण.

जेल म्हणजे डायनोप्रोस्टोन ०.५ मिलिग्रॅम. सिरिंजने पिशवीच्या तोंडात सोडतात. नंतर अर्धा तास आडवं राहायचं, नाहीतर ते बाहेर ओघळतं. ६ तासांनी परत तपासून गरज असेल तर पुढचा डोस, आणि २४ तासांत तीनपेक्षा जास्त नाही. दुसरा पर्याय मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी, तोंडावाटे दर २ तासांनी किंवा योनिमार्गात ४ ते ६ तासांनी. गोळी २५ चीच हवी. २०० ची गोळी ब्लेडने कापून आठ तुकडे केले की एका तुकड्यात औषध कमी जातं, दुसऱ्यात जास्त, आणि कळा अचानक अंगावर येतात. गर्भाशयावर पूर्वी गाठ काढल्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर मिसोप्रोस्टॉल टाळतात. ही गोष्ट न विचारताही सांगा.

औषधाने काम होत नसेल तर फुग्याचा विचार करता येतो. लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा ३० ते ६० मिलिलिटर सलाईनने फुगवतात आणि नळी हलकीशी ताणून मांडीला चिकटवतात. फुगा आतून तोंडावर दाब देतो. १२ तासांत, कधी त्याहून उशिरा, तो आपसूक गळून पडतो. तेव्हा तोंड ३ सेंटिमीटरच्या आसपास उघडलेलं असतं. इथे एक गैरसमज हमखास होतो. फुगा पडला म्हणजे कळा सुरू झाल्या असं नाही. तोंड उघडलेलं आणि कळांचा पत्ता नाही, अशीच स्थिती बहुतेकींची असते. पुढचं काम पाणमोट फोडणं आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे सलाईनमधून देतात ते कळांचं इंजेक्शन, यांचं.

‘कळा आल्याच नाहीत’ हा निष्कर्ष काढण्याआधी पाणमोट फोडून किमान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन द्यायला हवं, असं आता मानतात. खरी वेगवान अवस्था ५–६ सेंटिमीटरनंतर सुरू होते. त्याआधी तीन-चार सेंटिमीटरवर तासन्‌तास अडकून राहणं पहिलटकरणीत नेहमीचं आहे. सुनेला या काळात चालू द्या, झोप मिळू द्या, डॉक्टरांना विचारून हलकं खाऊ-पिऊ द्या. थकलेल्या बाईला पुढच्या कळा सोसवत नाहीत.

प्रश्न : पत्नीच्या सलाईनमध्ये कळांचं इंजेक्शन घातलं आणि दर अर्ध्या तासाला नर्स वेग वाढवत होत्या. मध्येच बाळाचे ठोके कमी झाले, सगळ्यांची पळापळ झाली, आणि पुन्हा सगळं ठीक झालं. नेमकं काय घडलं असावं?

बहुधा कळा फार जवळजवळ आल्या. प्रत्येक कळेत गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त थोडं थांबतं. दोन कळांमधल्या विश्रांतीत बाळ ते भरून काढतं. विश्रांतीच उरली नाही तर ठोके खाली जातात.

हिशोब असा. ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये ५ युनिट ऑक्सिटोसिन घातलं, तर पंपावर ताशी ६ मिलिलिटर म्हणजे मिनिटाला १ मिलियुनिट. मिनिटाला १–२ मिलियुनिटपासून सुरुवात करून दर ३० मिनिटांनी तेवढंच वाढवायचं. १० मिनिटांत ३ ते ४ कळा, प्रत्येक ४०–६० सेकंदांची, आल्या की वाढवणं थांबवायचं. ५ पेक्षा जास्त येऊ लागल्या तर कमी करायचं किंवा बंद. पंप नसेल तर थेंब मोजून देतात, पण हात दुमडला तरी थेंबांचा वेग बदलतो. पंप मागून घेण्यात संकोच नको.

पळापळीत नर्सनी काय केलं असेल? सलाईन बंद, डाव्या कुशीवर वळवणं, कधी गर्भाशय सैल करणारं टर्ब्युटालिनचं इंजेक्शन. ऑक्सिटोसिनचा असर काही मिनिटांत ओसरतो, हा त्याचा मोठा गुण. जेल एकदा आत गेलं की सगळं परत काढता येत नाही. म्हणून शेवटच्या जेलनंतर किमान ६ तास आणि मिसोप्रोस्टॉलनंतर किमान ४ तास ऑक्सिटोसिन सुरू करत नाहीत. ही अंतरं पाळली नाहीत की दोन औषधं एकमेकांवर चढतात.

पाणमोट फोडतानाही एक जपायचं असतं. डोकं अजून वर तरंगत असेल तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते, आणि मग तातडीने सिझर करावं लागतं. म्हणून डोकं बसल्याची खात्री करून मगच फोडतात, आणि फोडल्याबरोबर ठोके ऐकतात. पाणी हिरवट आलं तर बाळाने आत शी केली आहे. लगेच सिझर असा त्याचा अर्थ नाही, पण ठोके टिपणारा पट्टा पोटावर सतत लावून ठेवावा लागतो.

प्रश्न : आणलेल्या कळा जास्त दुखतात म्हणे. कमरेतलं इंजेक्शन कधी मागावं? त्याने सिझर वाढतं का?

अनेकींना जास्त दुखतात हे खरं. आपोआप येणाऱ्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होते. ऑक्सिटोसिनने तोच चढ काही तासांत उरकतो. त्यात पट्ट्यामुळे उताणं पडून राहिलं तर आणखी जड जातं. पट्टा लावूनही कुशीवर झोपता येतं, खुर्चीत बसता येतं, पलंगाशेजारी उभं राहता येतं. विचारा, बहुतेक वेळा परवानगी मिळते.

एपिड्युरलसाठी, म्हणजे या कमरेतल्या इंजेक्शनसाठी, अमुक सेंटिमीटर व्हायला हवेत अशी अट नाही. कळा नियमित झाल्या आणि तुम्हाला हवं असेल तर घ्या. त्याने सिझर वाढत नाही. जोर देण्याचा टप्पा थोडा लांबतो आणि बीपी उतरू शकतं, म्हणून ते वारंवार मोजतात.

प्रश्न : कळा आणल्या म्हणजे शेवटी सिझरच, हे खरं का?

सरसकट नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘अराइव्ह’ अभ्यासात कोणताही धोका नसलेल्या ६,१०६ पहिलटकरणी होत्या. ३९ आठवड्यांत कळा आणलेल्या गटात सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं, वाट पाहिलेल्या गटात २२.२. पण हे आकडे ३९ आठवडे पूर्ण झालेल्यांचे आणि पुरेसा वेळ देणाऱ्या रुग्णालयांतले आहेत. ३७ व्या आठवड्यात बीपीमुळे कळा आणलेल्या बाईला ते जसेच्या तसे लावू नयेत. आणि दुपारी जेल, रात्री सिझर असा जिथे शिरस्ता आहे तिथे तर मुळीच नाही.

प्रश्न : दवाखाना टाळण्यासाठी घरीच एरंडेल घेतलं तर?

घेऊ नका. जुलाब आणि उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं, आणि जोरात कळा आल्याच तर ठोके ऐकायला कोणी नसतं. डॉक्टर ३९ आठवड्यांनंतर बोटाने पाणमोटीचा पडदा पिशवीच्या तोंडापासून सोडवतात. त्या उपायाने पुढे औषधं लागण्याची शक्यता कमी होते. नंतर थोडं रक्ताळ पाणी आणि पोटात आवळणं हे अपेक्षित आहे. धो-धो रक्त नाही.

प्रश्न : ३७ आठवड्यांत जन्मलेलं बाळ पूर्ण वाढीचंच ना? मग वेगळी काळजी कशाची?

दिवस भरल्यात जमा होतं खरं, पण ३७ आणि ३९ मध्ये फरक आहे. फुप्फुसातलं पाणी वेळेत ओसरलं नाही तर श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो आणि बाळाला दिवसभर देखरेखीखाली ठेवावं लागतं. आईला मधुमेह असेल किंवा बाळ वजनाने कमी असेल, तर टाचेतून रक्त घेऊन साखर तपासतात. सर्वांत जास्त चुकतं ते दुधाच्या बाबतीत. ही बाळं झोपाळू असतात, भूक लागली तरी रडून मागत नाहीत, आणि घरचे ‘किती शहाणं बाळ’ म्हणून झोपू देतात. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचंच, गरज पडली तर लंगोट काढून, पाय चोळून जागं करून. पहिल्या दिवशी चीक चमचाभर निघाला तरी तेवढाच लागतो.

दूध कमी पडलं की कावीळ वाढते. ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे नेमकी घरी गेल्यावर दिसते. डोळ्यांचा पांढरा भाग आणि तळपाय दिवसाउजेडी पाहा. तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्या. कोवळ्या उन्हात ठेवणं हा त्यावर उपचार नाही. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला तर ते कधीच साधं नसतं, रुग्णालयातच सांगा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. घरी सोडताना दोन दिवसांत वजन आणि कावीळ तपासण्याची वेळ कार्डावर लिहून घ्या.