खुर्ची आधी उलटी करून बघा

प्रश्न : ताई, पर्यटकांसाठी आम्ही घरच्याच दोन खोल्या तयार करतोय. इथल्या एका दुकानात जुन्या घरांतलं फर्निचर आणि जुन्या साड्या मिळतात. लांब हातांची, वेताने विणलेली एक आरामखुर्ची आहे. शिसवी म्हणून १४,००० रुपये सांगतात. शिवाय मला स्वतःसाठी एक जांभळी रेशमी नऊवारी फार आवडली आहे. सासूबाई म्हणतात, जुनं सामान म्हणजे घरात वाळवी. काय बघून घ्यावं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : खुर्ची आधी उलटी करा. दुकानदार कुरकुरला तरी करा. वरून पॉलिश असतं, खालच्या बाजूला सहसा कुणी ते लावत नाही, त्यामुळे लाकूड तिथे खरं दिसतं. आपल्याकडच्या घरांतलं पुष्कळसं सामान फणसाचं नाहीतर सागाचं. फणस ताजा कापला की पिवळाधमक असतो, वर्षं जातील तसा तांबूस होत जातो आणि गडद पॉलिश मारलं की शिसव म्हणून खपतो. खालून जरा खरवडून पिवळं दिसलं, तर शिसवीचा भाव देऊ नका. खुर्ची मात्र सोडू नका. आमच्या माजघरातलं फडताळ फणसाचंच होतं, आणि माझ्या आजीपासून माझ्या मुलीपर्यंत सगळ्यांनी ते वापरलं.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण मला वाळवीपेक्षा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची भीती जास्त वाटते. वाळवी मातीच्या नळ्या करते, त्या दिसतात. भुंगेरा लाकडाच्या आत बसून घरात येतो. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं जुनी असतील तर हरकत नाही, त्यातून ताजं पीठ पडतंय का ते महत्त्वाचं. खुर्चीखाली काळा कागद पसरून चार-आठ दिवस ठेवायला सांगा. सहा वर्षांपूर्वी मी हे केलं नाही. एका दुकानातून बाक आणला, आणि पावसाळ्यात ओटीवर रोज सकाळी त्याच्याखाली पिठाची बारीक रांगोळी दिसू लागली. बाक जाळावा लागला. शेजारच्या पलंगालाही कीड लागली होती, तो माझ्या आईचा होता.

खिळेही बघा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगतं आणि लाकूड चिरतं. लाकडी खुंट्या किंवा पितळी स्क्रू असतील तर उत्तम. पुढे कधी खणांचं टेबल घ्याल, तेव्हा महिना लक्षात ठेवा. श्रावणात लाकूड फुगून खण अडकतो. दुकानदार म्हणेल, रंधा मारून देतो. मारू देऊ नका, शिमग्यापर्यंत तो खण खुळखुळायला लागेल. वैशाखातच घट्ट असलेला खण मात्र पावसात उघडणार नाही.

वेत नुसता सैल असेल तर खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या, तो पुन्हा ताणतो. वरची गुळगुळीत बाजू पाणी धरत नाही. तुटला असेल तर विणणाऱ्याला आधी मजुरी विचारा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

आता साडी. पूर्ण उलगडून उजेडासमोर धरा. रेशीम घडीवर आधी विरतं, त्यामुळे घडीच्या रेषांतून उजेड आला तर ती साडी नेसताना चिरेल. दुकानदाराला विचारून कडेचा एक धागा काढून जाळा : केस जळल्याचा वास येऊन राख बोटात चुरली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. काठ काळवंडले म्हणून नाक मुरडू नका. चांदीची जरी काळी पडतेच.

माझ्या आजीची अंजिरी नऊवारी दारावर आलेल्या जरीवाल्याने वजनावर नेली. ते काठ जाळून चांदी काढतात. मी तेव्हा शाळेत होते, पदराचा वास अजून आठवतो. म्हणून दुकानात अशी साडी टांगलेली दिसली की मला बरं वाटतं. तुमची साडी धड असेल तर घ्या.

घरी आणल्यावर दिवसभर सावलीत वारा द्या. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. मऊ सुती कापडात गुंडाळून, वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, आणि पावसाळा संपल्यावर तर नक्कीच.