ट्रेकला जाणाऱ्या बहिणीसाठी चांदीचा ड्रॅगन घडवतोय. त्यात उपयोगाचं काय लपवता येईल?

शिट्टी लपवा.

तुम्ही लिहिलंय की सहा महिने चांदीकाम शिकताय, बहीण दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकते आणि तिच्या गळ्यातला ड्रॅगन नुसता लटकत राहू नये असं तुम्हाला वाटतं. लहान पातं किंवा औषधाच्या गोळीची डबी, असे दोन विचार तुमच्या मनात आहेत. पातं गळ्याशी नकोच. पाय घसरला तर ते आधी तिलाच लागेल. गोळी घामाच्या आणि पावसाच्या ओलीने विरघळते. शिट्टीला झाकण लागत नाही, बिजागरी लागत नाही, आणि धुक्यात हाका मारून घसा बसला तरी ती वाजते.

मी अशी शिट्टी तीनदा केली. पहिल्या दोन वेळा आधी प्राणी घडवला आणि मग त्याच्या पोटात शिट्टी बसवायला गेले. पहिल्यात फुंकायची जागा जबड्यातच दिली होती, सुळे ओठांना टोचायचे. दुसऱ्यात पंख इतका छान उतरला की तो शिट्टीच्या खिडकीवर, म्हणजे नळीच्या अंगातल्या उघड्या छेदावर, दोन मिलिमीटर आला तरी माझ्याने कापवेना. नुसती हवा फुसफुसत राहिली. तिसऱ्या वेळी आधी नळी केली, ती वाजवली, आणि मग तिच्याभोवती कोणता प्राणी कसा वेटोळं घालून बसेल ते कागदावर काढत बसले. तुम्हीही हाच क्रम धरा.

नळी म्हणजे आपला ताईतच, एका बाजूने बंद. हुपरीला ज्या काकांकडे मी शिकायला बसायचे, त्यांनी पहिल्या आठवड्यात ताईतच करायला लावला होता. ९२५ची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेली, चांदी घ्या. शुद्ध चांदी फार मऊ, तिची धार बोटानेसुद्धा दबते. पत्रा ०.६ मिलिमीटरचा, नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटर. पट्टी किती रुंद कापायची? व्यासात पत्र्याची जाडी मिळवा, म्हणजे ८.६, आणि त्याला ३.१४ ने गुणा. २७ मिलिमीटर येतात. जाडी मिळवायची राहिली की नळी बारीक होते. चाळीस मिलिमीटर लांबीच्या अशा नळीला सात ग्रॅमच्या आतबाहेर चांदी लागते.

आता खरं काम. शिट्टीत फुंकलेली हवा एका चपट्या फटीतून जाते, खिडकीपलीकडच्या धारेवर आपटते आणि धारेच्या वर-खाली हेलकावू लागते. त्या हेलकाव्याने बंद नळीतली हवा घुमते. पावा याच तत्त्वावर वाजतो. बंद नळीचा स्वर तिच्या आतल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा असतो. म्हणून धारेपासून तळापर्यंतची पोकळी २६ मिलिमीटर ठेवली, तर हिशेबाने सेकंदाला सुमारे ३३०० कंपनं येतात. प्रत्यक्षात स्वर थोडा खाली उतरतो, कारण खिडकीबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते. माणसाचा कान साधारण दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, त्यामुळे एवढीशी पोकळी आपल्या कामाला अगदी योग्य आहे.

फट एक मिलिमीटरच्या आसपास, खिडकी चार मिलिमीटर लांब, एवढ्यापासून सुरुवात करा. धार कानशीने तासून पातळ करा आणि ती फटीच्या बरोबर समोर आणा. फटीखालचा अडसर, म्हणजे नळीचं फुंकायचं तोंड बुजवून वर फक्त फट ठेवणारा तुकडा, लगेच झाळू नका. आधी तो मेणाचा करून बसवा, फुंका, अर्धा मिलिमीटर पुढेमागे सरकवा, पुन्हा फुंका. माझी यात एक अख्खी दुपार गेली. पण मग एका फुंकेला असा आवाज निघाला की शेजारच्या खोलीतून आई धावत आली. त्या जागेवर खूण करून तेवढाच चांदीचा अडसर घडवा. लाकडाचा करू नका, पावसात फुगतो.

आणि इथेच प्राणी आपोआप सुचतो. खिडकी झाकायची नाही, तर तिलाच जबडा करा! माझा ड्रॅगन शेवटी मकर झाला. देवळाच्या तोरणावरचा मकर बघा: आ वासलेलं तोंड, वर वळलेली सोंड, पानांच्या नक्षीत विरत जाणारी शेपटी. शेपटीचं टोक हे फुंकायचं तोंड. अंग नळीला वेढून फिरतं, मान मागे वळते आणि उघडा जबडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना बसतो. बघणाऱ्याला तो गुरगुरणारा प्राणी दिसतो, शिट्टी दिसतच नाही. तुमचा ड्रॅगनही असा मागे वळून बघू शकेल.

दोन धोके नीट लक्षात घ्या. डोकं पोकळ करत असाल तर त्याला आतल्या बाजूने एक मिलिमीटरचं भोक ठेवा. मी दोन वाट्या जोडून डोकं पूर्ण बंद केलं होतं. आम्लाच्या पाण्याचा थेंब आत राहिला असावा. पुढची झाळ देताना वाफ कोंडून ते फुटलं आणि तुकडा गालाजवळून गेला. तेव्हापासून डोळ्यांवर चष्मा नसेल तर मी ज्योत पेटवत नाही. दुसरं म्हणजे, ही वस्तू तोंडात जाणार आहे. बाजारात ‘केडीएम’ म्हणतात ती झाळ कॅडमियमची. तापवताना तिचा धूर विषारी, आणि ओठाला लागणाऱ्या जोडात ती असताच कामा नये. दुकानदाराला कॅडमियमविरहित झाळ स्पष्ट शब्दांत मागा. आधी कडक झाळ, म्हणजे सगळ्यात जास्त तापावर वितळणारी, मग मध्यम, शेवटी नरम असा क्रम ठेवा, आणि झालेल्या जोडांवर गेरूचा लेप द्या म्हणजे ते पुन्हा वितळत नाहीत. खवल्यांच्या खाचा गंधकाने काळ्या केल्या की फार उठून दिसतात, पण फुंकायचं टोक तेवढं स्वच्छ, चकचकीत ठेवा.

साखळीऐवजी सुती गोफ घाला. झुडपात अडकला तर जोराच्या हिसक्याने तुटायला हवा, गळा आवळायला नको. रिठ्याच्या पाण्याने धुतलं की शिट्टी स्वच्छ होते, मात्र आतलं पाणी झटकून काढा.

पदक देताना बहिणीला संकेतही शिकवा: एका मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन फुंकांनी उत्तर देतो. त्या शांत मिनिटात तिने कान देऊन ऐकायचं असतं, हे आवर्जून सांगा.