आजोबांची पलटण कशी शोधावी?

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, असे घरात सांगतात. एक छायाचित्र आणि सहा टोकांचे एक पदक एवढेच हाती आहे. पुढे काय करावे?

उत्तर : आधी पदकाची मागची बाजू भिंगाने पाहावी (चिंच लावून मात्र घासू नये), कारण भारतीय सैनिकांना दिलेल्या त्या युद्धातील पदकांवर बहुधा सैनिक क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. फीत तांबडी, पांढरी, हिरवी असेल, तर ते ‘इटली स्टार’ होय. छायाचित्रातील टोपीच्या बिल्ल्यावर बिगुल दिसला, तरी तेवढ्यावरून मराठा लाइट इन्फंट्री ठरवू नये. रायफल पलटणींच्या बिल्ल्यांवरही बिगुल असे. पलटण मराठाच निघाल्यास क्रमांक, नाव व गाव कळवून बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. निव्वळ आडनावावरून शोध भरकटतो.