मैदानाबाहेर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, ऑफस्पिन टाकतो. मागच्या मोसमात मुंबईच्या १९ वर्षांखालच्या संघात होता. इंग्लंडमधल्या एका क्लबने त्याला एप्रिल ते सप्टेंबर खेळायला बोलावलं आहे. मधला एजंट म्हणतो, व्हिजिटर व्हिसा काढा, फॉर्मवर ‘मित्राकडे फिरायला’ असं लिहा. क्लब राहायला खोली देणार, शनिवारच्या मॅचनंतर हातात थोडे पाउंड, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ लहान मुलांना शिकवायचं. एजंटची फी दीड लाख, अर्धी आगाऊ. मैदानावरचे पालक म्हणतात, सगळे असेच जातात. द्यावेत का पैसे?
– एक आई, ऐरोली

उत्तर : नका देऊ, ताई.

पोरांचे जन्मदाखले आणि एनओसी सांभाळण्यात माझी हयात गेली. दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या पायऱ्यांवर ‘सगळे असेच जातात’ मीही ऐकत आलोय. जातात, खोटं नाही. विमानतळावरून परत पाठवलेला मुलगा मात्र पायऱ्यांवर येऊन ते सांगत बसत नाही.

व्हिजिटर व्हिसावर क्लबकडून खेळायला ब्रिटिश नियमांत वाव आहे, पण तो हौशी खेळाडूला, हौशी संघात, अनुभव घेण्यापुरता. आणि हौशी कोण, हे नुसत्या मानधनावरून ठरत नाही. आपली मंडळी फसतात ती इथेच. गेल्या दोन वर्षांत देशाच्या, राज्याच्या किंवा विभागाच्या संघाकडून जो खेळला, तो त्यांच्या लेखी व्यावसायिक. सतरा वर्षांखालच्या गटापासून वरचे सगळे वयोगट यात धरतात. तुमच्या मुलाची मुंबईची टोपी त्यात आलीच. खेळातून आज कमावणारा, पूर्वी कमावलेला आणि पुढे कमवू पाहणारा, हे तिघेही त्यात येतात. आता आयपीएलची स्वप्नं न बघणारा एकोणीस वर्षांचा पोरगा ऐरोलीत शोधून दाखवा! गंमत म्हणजे, करिअरसाठी एजंट नेमणं हीही त्या व्याख्येतलीच एक खूण आहे. ज्याला तुम्ही दीड लाख देणार, त्याच्यामुळेच तुमचा मुलगा हौशी म्हणवून घ्यायला अपात्र ठरू शकतो.

हातात मिळणारे पाउंड आणि मुलांचं कोचिंग हे तर उघड काम झालं. व्हिजिटरला ते चालत नाही. त्यात ‘मित्राकडे फिरायला’ हे लिहिलंत, तर ती नुसती चूक राहत नाही, फसवणूक ठरते. अर्जात फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तर दहा वर्षं पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. किटबॅगमध्ये सहा बॅटी आणि फोनवर क्लबचे मेसेज घेऊन हीथ्रोला उतरलेल्या मुलाला अधिकारी दोन प्रश्न विचारतो, तिसऱ्याची गरजच पडत नाही.

सरळ रस्ता आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ‘इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन’ नावाचा व्हिसा आहे. त्यासाठी त्या खेळाच्या नियामक संस्थेची, म्हणजे क्रिकेटला ईसीबीची (इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्डाची), शिफारस लागते. क्लबकडे सरकारी स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला कामावर बोलावण्याचा परवाना, लागतं आणि क्लबने स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट द्यावं लागतं. बारा महिन्यांच्या आतला व्हिसा असेल तर इंग्रजीची परीक्षा नाही. लायसन्स असलेल्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. आजच क्लबचं नाव त्यात शोधा. मग एजंटला वगळून थेट क्लबच्या सेक्रेटरीला मेल टाका: ‘तुमच्याकडे स्पॉन्सर लायसन्स आहे का? ईसीबीची शिफारस तुम्ही मागणार का? मोबदला करारात लिहून देणार का?’ उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

खरं सांगायचं तर ईसीबीची चाळणी बारीक आहे, आणि नुसत्या वयोगटाच्या क्रिकेटवर ती पार होईल असं मला वाटत नाही. मग यंदा कांगा लीग, म्हणजे मुंबईची पावसाळ्यातली क्लब स्पर्धा, खेळू दे. पावसात ओल्या खेळपट्टीवर ऑफस्पिनरला जे शिकायला मिळतं, ते इंग्लंडच्या गावातही मिळेलच असं नाही.

प्रश्न : घणसोलीतला आमचा फ्लॅट एका परदेशी फुटबॉलपटूला भाड्याने द्यायचा आहे. सोसायटी घाबरते. काय बघावं?
– निवृत्त बँक कर्मचारी

उत्तर : घाबरायचं काही नाही, कागद बघा. क्लबशी ठरावीक मुदतीचा करार करून आलेल्याकडे बहुधा एम्प्लॉयमेंट व्हिसा असतो. टुरिस्ट व्हिसा दाखवून ‘नंतर बदलून घेतो’ म्हणाला, तर सोडून द्या. टुरिस्ट व्हिसा इथे बसून एम्प्लॉयमेंट व्हिसात बदलत नाही. खेळाडू राहायला आला की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणं ही घरमालकाची जबाबदारी, क्लबची नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, पण हे बंधन कायम आहे. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी कार्यालयात) नोंदणी त्याने स्वतः करायची. त्या नोंदणीची प्रत मागून घ्या आणि भाडेकराराच्या फाइलला लावा. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही एक द्या, म्हणजे गच्चीवरच्या चर्चा थांबतील.